डावा नव्हे, उजवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी क्रीडा पानावर विली ओरी या कॅनडाच्या आइस हॉकीपटूवर आपण चौकट छापलीत. क्रिकेटच्या गर्दीत त्या माणसाला चार बोटं जागा मिळाली याचं मला कोण कौतुक वाटलं. कात्रण काढून ठेवलंय. पण त्यात एक चूक राहिलीय. 'चकती लागून त्याचा डावा डोळा निकामी झाला' असं छापलंय. डावा नव्हे, उजवा.

आपल्याला वाटेल, रिकामटेकडा म्हातारा आहे, डावं-उजवं करत बसलाय. वाटू दे. पण या एका शब्दानं त्या माणसाची अख्खी कारकीर्द उलटी होते. आणि माझाही उजवाच गेलेला आहे, त्यामुळं वाचून गप्प बसवेना.

आधी माझं सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. १९६३ साल, मी नऊ वर्षांचा. जयसिंगपूरला घरामागच्या बोळात विटी-दांडू चालला होता. समोरच्यानं गलीतनं विटी कोलली, मी झेलायला पुढं धावलो. विटीची दोन्ही टोकं तासलेली असतात हे आपल्याला माहीत आहेच. मिरजेला नेलं. आठ दिवस पट्टी होती. नवव्या दिवशी सोडली, तर उजवीकडं नुसतं धुरकट, आणि पुढं तेही गेलं. परत येताना गाडीत आई रडत होती. वडील खिडकीबाहेर बघत म्हणाले, "नवाबाचा गेला तोही उजवाच. अन् तो कॅप्टन आहे."

नवाब म्हणजे पतौडी. १९६१ च्या जुलैत इंग्लंडमध्ये होव्हला मोटार अपघातात त्यांचा उजवा डोळा गेला, त्याच वर्षी डिसेंबरात ते कसोटी खेळले, आणि १९६२ मध्ये २१ व्या वर्षी कप्तान झाले. सुरुवातीला त्यांना एकाच्या जागी दोन चेंडू दिसायचे, त्यातला आतला धरून ते खेळायचे. एकूण ४६ कसोट्या, सहा शतकं, नाबाद २०३. हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ होते. शाळेत गुरुजी मला 'शुक्राचार्य' म्हणायचे, झारीतले. वर्ग हसायचा, मीही हसायचो. घरी येऊन पतौडींचे आकडे म्हणायचो.

विली ओरी मला भेटला तो फार उशिरा. मुलगी आणि जावई कॅनडात न्यू ब्रन्सविक प्रांतात फ्रेडरिक्टनला असतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं सहा महिने तिकडं होतो. नातू सहा वर्षांचा, त्याला बर्फावरच्या हॉकीला घातलेलं. शनिवारी सकाळी त्याला घेऊन जायचं काम माझ्याकडं आलं, म्हणजे जावई गाडी चालवणार आणि मी त्याच्या स्केटच्या नाड्या बांधणार. त्या नाड्या म्हणजे काय सांगू! दीड-दोन मीटर लांब, मेण लावलेल्या, आणि पोरगं ओरडेपर्यंत आवळायच्या. भोकात नाडी ओवायची म्हणजे एका डोळ्याच्या माणसाचं मरण. मी कारखान्यातली सवय वापरली. बोटानं भोक चाचपायचं, नखाला नाडी टेकवायची आणि ढकलायची. शेजारचा एक बाप माझ्याकडं बघत होता, त्याला बहुतेक वाटलं की भारतात बूटच घालत नसावेत.

त्या इमारतीवर मोठ्या अक्षरांत नाव आहे, 'विली ओरी प्लेस'. मी जावयाला विचारलं, हा कोण? पुढारी का? ते म्हणाले, "नाही बाबा, इथलाच मुलगा. हॉकी खेळायचा. पहिला कृष्णवर्णीय." एवढंच. डोळ्याचं त्यांनाही माहीत नव्हतं. ते मला त्याच आठवड्यात ग्रंथालयात बसून कळलं, आणि मग मी दुसरं काही वाचलंच नाही.

ओरीचा जन्म १५ ऑक्टोबर १९३५ चा, फ्रेडरिक्टनमधलाच. तेरा भावंडं. पूर्वज अमेरिकेतल्या गुलामगिरीतून पळून आलेले. गावात कृष्णवर्णीयांची घरं मोजून दोन. वडील हिवाळ्यात परसात पाणी सोडून ठेवायचे, त्याचा बर्फ व्हायचा, त्यावर तिसऱ्या वर्षापासून हा घसरायला शिकला. पुढं बेसबॉलही खेळायचा. १९४९ मध्ये त्याच्या संघाला बक्षीस म्हणून न्यूयॉर्कची सहल मिळाली आणि तिथं जॅकी रॉबिन्सनची भेट झाली, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी ज्यानं अमेरिकेच्या बेसबॉलमधली रंगाची भिंत मोडली होती तो. पोरगा त्याला म्हणाला, मी हॉकीपण खेळतो. रॉबिन्सनला आश्चर्य वाटलं की कृष्णवर्णीय मुलंही हॉकी खेळतात. गंमत म्हणजे १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला एका जेवणाच्या कार्यक्रमात दोघं परत भेटले, तेव्हा रॉबिन्सनला तो मुलगा आठवत होता.

आता डोळ्याचं. १९५५-५६ चा हंगाम, ओरी वीस वर्षांचा, किचनर या गावच्या ज्युनियर संघात. हॉकीची चकती कधी हातात घेतलीत का? नातवाची मी घेतली होती. टणक रबराची, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, वजन क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडं जास्तच. सामन्याआधी ती गोठवतात, म्हणजे उसळत नाही. तसली चकती जोरात येऊन त्याच्या तोंडावर बसली. त्या काळी डोक्यावर शिरस्त्राण नाही, चेहऱ्यापुढं काच नाही. नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं, उजव्या डोळ्याचा पडदा फाटला. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, त्या डोळ्यानं आता दिसणार नाही, हॉकी विसर.

हा दोनेक महिन्यांत परत बर्फावर.

घरी सांगितलं नाही. एका बहिणीला सांगितलं आणि तिच्याकडून वचन घेतलं. कारण अमेरिका-कॅनडाच्या मुख्य लीगचा, म्हणजे एनएचएलचा नियमच होता की एका डोळ्यानं आंधळा खेळाडू चालणार नाही. तो नियम आला तोही एका खेळाडूवरून. तो किचनरचाच. त्याचा एक डोळा आधी गेला होता, तरी खेळत राहिला, मग दुसऱ्यालाही मार बसला. १९३९ मध्ये टोरंटोच्या जॉर्ज पार्सन्सचा डोळा स्टिक लागून गेला, तेव्हा याच नियमानं तो पंचविशीच्या आत घरी बसला. पुढं त्यानं डोळे वाचवणारी शिरस्त्राणं आणि काचा बनवायच्या कामात मदत केली, हे त्याचं मोठेपण.

तर आता डावं-उजवं. ओरी खेळायचा लेफ्ट विंगला, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं. त्याच्या डाव्या हाताला लाकडी कठडा. बाकी सगळं जग उजव्या हाताला, म्हणजे त्याचा साथीदार तिकडं, चकती येणार तिकडून, अंगावर धावून येणारा गडीही तिकडूनच. आणि डोळा गेलाय नेमका तिकडचा! आपल्या चौकटीप्रमाणं डावा गेला असता तर त्याचं फारसं बिघडलं नसतं, आंधळी बाजू कठड्याकडं राहिली असती. उजवा गेला म्हणून त्याला प्रत्येक पासला मान पार उजव्या खांद्यापर्यंत वळवावी लागायची, म्हणजे डाव्या डोळ्यात चकती येणार. तेवढ्यात चकती निघून गेलेली, नाहीतर कुणीतरी येऊन धडकलेला.

मला हे वाचताना माझी मान आपोआप वळत होती. लग्नाच्या पंगतीत मी गेली साठ वर्षं ओळीच्या उजव्या टोकाला बसतो, म्हणजे सगळी माणसं डावीकडं येतात. वाढपी उजवीकडून आला की मला कळतच नाही. दोनदा आमटी मांडीवर घेतलीय. रस्त्यानं बायको कायम डाव्या हाताला. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून मगच ओततो, कारण एका डोळ्याला लांबी-रुंदी दिसते, खोली दिसत नाही. मी रिंकवर नातवाला बघायचो तेव्हा पांढऱ्या बर्फावर काळी चकती मला दिसायची, पण ती त्याच्यापासून हातभर आहे की दहा हात, ते तो तिच्याशी पोचला की कळायचं. "आबा, माझा गोल बघितला?" म्हणून पोर विचारायचं. बघितला म्हणायचो.

असल्या नजरेनं हा माणूस १८ जानेवारी १९५८ ला मॉन्ट्रियलमध्ये बॉस्टन ब्रुइन्सकडून उतरला. एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय. लीगमध्ये तेव्हा संघ फक्त सहा. त्या वर्षी दोन सामने मिळाले. मग १९६०-६१ मध्ये ४३. पहिला गोल १ जानेवारी १९६१ ला, तोही मॉन्ट्रियलविरुद्धच. एकूण ४५ सामने, चार गोल, दहा असिस्ट, म्हणजे साथीदाराच्या गोलाला लावलेला हातभार. आपल्या चौकटीत 'फक्त ४५ सामने' असं लिहिलंय. त्या 'फक्त'वर माझा दुसरा आक्षेप, पण तो राहू दे.

रंगावरनं त्याला काय सोसावं लागलं ते आपण छापलंय, त्यात मी भर घालत नाही. शिकागोत शिव्या देऊन एकानं स्टिकचं बूड तोंडावर मारलं, पुढचे दोन दात पाडले, आणि ओरीनंही स्टिक त्याच्या डोक्यात घातली, हे आपण का वगळलंत कळलं नाही. सोशिक माणसाचं चित्र बिघडतं म्हणून? एक बसची गोष्ट मात्र छापायला हवी होती. १९५६ मध्ये, म्हणजे डोळा गेल्यावर काही महिन्यांतच, त्याला बेसबॉलच्या निवडीसाठी दक्षिणेत जॉर्जियाला बोलावलं होतं. तिथं संडासावरसुद्धा पाट्या, गोऱ्यांचा वेगळा, काळ्यांचा वेगळा. निवड झाली नाही. परतीचं तिकीट बसचं, प्रवास पाच दिवसांचा. सुरुवातीला त्याला सगळ्यात मागं बसावं लागलं. गाडी जसजशी उत्तरेला सरकत गेली तसतसा तो एकेक बाक पुढं सरकला, आणि कॅनडात पोचला तेव्हा तो ड्रायव्हरच्या मागं बसलेला होता. बेसबॉलचं नाव त्यानं त्या बसमध्येच टाकलं.

बॉस्टननं १९६१ मध्ये त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, तिथून तो लॉस एंजेलिसला, दुय्यम लीगमध्ये. एनएचएलचं दार परत उघडलं नाही. आणि खरी गंमत तिथंच झाली. लॉस एंजेलिसमध्ये त्याला राइट विंगला हलवलं. आता कठडा उजवीकडं, म्हणजे आंधळी बाजू भिंतीला. साथीदार, चकती, येणारा गडी, सगळं चांगल्या डोळ्यासमोर. १९६४-६५ च्या एका हंगामात ३८ गोल! तोच माणूस, तोच डोळा, नुसती कड बदलली. एनएचएलमध्ये कुणी त्याला दुसऱ्या कडेला उभं करून बघितलं असतं तर? पण का उभं करतील? त्यांना माहीतच नव्हतं, आणि तो सांगू शकत नव्हता. सांगितलं की घरी. संपादक महाराज, हे सगळं तुमच्या त्या 'डावा' शब्दाखाली गाडलं गेलंय.

पुढं सॅन डिएगोला खेळला, तिथं परत एका हंगामात ३८ गोल. शेवटचा हंगाम १९७८-७९, वय ४३.

आता जरा अवघड भाग. त्याचं खोटं बोलणं बरोबर होतं का? मी उत्तर देण्याच्या लायकीचा नाही, कारण १९७६ मध्ये एका साखर कारखान्यात फिटरच्या जागेसाठी तपासणी झाली तेव्हा मी तेच केलं. डॉक्टर म्हणाले, एक डोळा झाका. मी उजव्या हातानं उजवा झाकला आणि तक्ता वाचला. म्हणाले, आता दुसरा. मी हात बदलला. डावा हात आणला आणि परत उजवाच झाकला. डॉक्टर रजिस्टरात लिहीत होते. पास.

छत्तीस वर्षं काढली. नट हातानं ओळखायचो, बेअरिंगचा बिघाड कानानं. डाव्या अंगठ्याचं नख कितीदा गेलं मोजलं नाही, छिन्नीवर हातोडा मारताना एका डोळ्याचं गणित चुकतं. ते माझं मला. पण एका गळीत हंगामात चेन ब्लॉकवरनं गिअर खाली घेताना माझं अंतर चुकलं आणि तो हेल्परच्या पायावर आला. बुटाचं टोक चेपलं, बोटं वाचली. तो पोरगा मला म्हणाला, "दादा, घाई झाली व्हय?" मी म्हणालो, हो. म्हणून सांगतो, एनएचएलचा तो नियम मूर्खांनी केलेला नव्हता. ओरीच्या बाजूचा असूनही मला असं वाटतं.

उलट ग्रेग नील्डचं बघा. १९७३ मध्ये ज्युनियर हॉकीत त्याचा डोळा गेला. त्यानं लपवलं नाही, खास मुखवटा करून घेतला, बफेलो संघानं त्याला निवडलंसुद्धा. लीगनं नियम दाखवला. तो कोर्टात गेला आणि १९७९ मध्ये हरला. कोर्ट म्हणालं, नियम सुरक्षेसाठी आहे. खरं बोलला तो बाहेर राहिला, आणि लपवणाऱ्याला २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. तेही खेळाडू म्हणून नव्हे, खेळ वाढवणारा म्हणून, कारण निवृत्तीनंतर बरीच वर्षं इतर नोकऱ्या केल्यावर, अगदी हॉटेलात सुरक्षारक्षक म्हणूनही, १९९८ पासून तो लीगतर्फे गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांना बर्फावर आणायचं काम करतोय. २००० मध्ये टोरंटोच्या ब्रायन बेरार्डचा डोळा असाच फुटला, पण त्याला शस्त्रक्रिया आणि कॉन्टॅक्ट लेन्स मिळाली, नियमापुरती नजर मिळाली, आणि तो परत खेळला. नव्या खेळाडूंना चेहऱ्यावर काच सक्तीची झाली २०१३ मध्ये. पार्सन्सच्या डोळ्यानंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी.

ओरीनं निदान बहिणीला सांगितलं. मी बायकोलासुद्धा नाही. लग्नानंतर पंधराएक दिवसांनी तांब्यातलं पाणी फुलपात्राच्या शेजारी ओतलं, तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्या डोळ्यानं दिसत नाही ना तुम्हाला?" मी विचारलं, कधी कळलं? "बघायला आलात तेव्हाच. पोह्याची बशी घेताना हात आधी हवेत गेला." मग थोडं थांबून म्हणाली, "मला वाटलं होतं, सांगाल."

बॉस्टननं ओरीचा जर्सीवरचा २२ नंबर निवृत्त केला (म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही) तो १८ जानेवारी २०२२ ला, पहिल्या सामन्याला बरोबर चौसष्ट वर्षं झाली त्या दिवशी. कोविडमुळं तो सॅन डिएगोतल्या घरूनच पडद्यावर बघत होता. त्या रात्री बॉस्टन ७-१ नं हरलं. हे मला फार आवडलं. कुठल्याही सोहळ्यात असं काहीतरी असावं.

तिकडून निघायच्या आदल्या शनिवारी मी नातवाला नाड्या बांधताना सांगितलं की ज्याच्या नावाचं हे मैदान आहे त्याला उजव्या डोळ्यानं दिसत नव्हतं, आणि मलाही दिसत नाही. तो थोडा वेळ माझ्या दोन्ही डोळ्यांकडं आळीपाळीनं बघत राहिला. मग म्हणाला, "मग माझा गोल?" मी म्हणालो, नाही दिसला. तो म्हणाला, "आज डावीकडून मारतो." आणि गेला.

तरी कृपया येत्या रविवारी एका ओळीची दुरुस्ती छापावी, अक्षर बारीक असलं तरी चालेल. आणि हे पत्र छापलंत तर खाली माझं नाव घालू नये. कारखान्यातली जुनी मंडळी आपलंच वर्तमानपत्र वाचतात.

आपला,
एक निवृत्त फिटर,
जयसिंगपूर